रोडच्या जर्सीतून डोंगरात: माउंटन बाइकचे कपडे घेताना आणि बेतताना

मुलुंड पूर्वेला माझं अल्टरेशनचं दुकान आहे. फॉल-पिको, पँटच्या पायाची मोहरी कमी करणे, झिप बदलणे हे रोजचं काम, पण हल्ली सायकलवाल्यांची गिऱ्हाइकी बरीच वाढलीय. पहाटे हायवेवर ठाण्याकडे सुसाट जाणारी ही मंडळी. त्यातल्या एखाद्याला कोणीतरी जाड टायरची सायकल एका रविवारी चालवायला देतं, तो ठाण्यातल्या उपवनकडून येऊरचा डोंगर चढतो, वर गेल्यावर कच्च्या वाटेला लागतो, आणि पुढच्या आठवड्यात मांडीवर फाटलेला बिब, म्हणजे खांद्यावर पट्टे आणि सीटला पॅड असलेली सायकलवाल्यांची घट्ट चड्डी, कागदी पिशवीत घालून माझ्या काउंटरवर ठेवतो. "ताई, एवढं शिवून द्या ना, दिसणार नाही असं."

दिसणार. रोडचा, म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या सायकलिंगचा बिब म्हणजे नायलॉन आणि इलॅस्टेनची पातळ विणलेली जाळीच. घाणेरीच्या फांदीनं ओढलं किंवा दगडावर घासलं की घर सुटतं आणि मोज्यासारखं वर धावत जातं. मी शिवलं तरी शिवणीपाशी ताण जास्त येतो, आणि कापड तिथूनच पुन्हा उसवतं. म्हणून आता असं गिऱ्हाईक आलं की आधी बसवते, चहा सांगते आणि जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मी स्वतः येऊर आणि वसईजवळच्या तुंगारेश्वरला चालवते, त्यामुळे शिलाईच्या आणि सीटच्या, दोन्ही बाजूंनी मला यातलं कळतं.

एका कंपनीचं उदाहरण आधी देते, कारण तिनं हीच अडचण मोठ्या प्रमाणावर सोडवली. राफा. सायमन मॉट्रमनं 2004 साली लंडनमध्ये काढलेला ब्रँड. नाव घेतलं 1960 च्या दशकातल्या एका फ्रेंच सायकल संघाचं. अंगाला चिकटून बसणारं कापड, बाहीवर एक पट्टा, आणि बिबची किंमत दोनशे पौंडांच्या घरात. 2013 ते 2016 टीम स्काय या ब्रिटिश व्यावसायिक सायकल संघाच्या अंगावर त्यांचेच कपडे होते. म्हणजे डांबरी रस्त्याचं घराणं, तेही जरा नाक वर असलेलं. 2017 मध्ये वॉलमार्टवाल्या वॉल्टन कुटुंबातल्या दोन भावांच्या गुंतवणूक कंपनीनं राफाचा ताबा घेतला. हे भाऊ अमेरिकेतल्या अर्कान्सामधल्या बेंटनव्हिलचे, आणि त्या गावाभोवती माउंटन बाइकच्या वाटांचं जाळं आहे. 2021 मध्ये राफानं डोंगरासाठी वेगळे कपडे काढले.

शिवणारीच्या नजरेनं मला त्यात एवढंच बघायचं होतं की त्यांनी जुनीच जर्सी मातकट रंगात रंगवून विकली की नव्यानं बेतली. नव्यानं बेतली. शॉर्ट सैल, वर टी-शर्टसारखा कट, आणि कपडा फाटणारच हे गृहीत धरून दुरुस्तीला त्याच कापडाची ठिगळंही दिली. ज्या कंपनीनं इतकी वर्षं कापड अंगाला घट्ट कसं बसेल याचाच विचार केला, तिनं ठिगळ पुढे केलं याचं मला फार कौतुक वाटलं. ठिगळाची लाज आपल्याकडेच जास्त.

कपडे राफाचेच घ्या असं मी म्हणत नाही. कस्टम ड्युटी भरून मागवणारे मागवतात, माझी ना नाही. पण त्यांनी जो विचार केला तो तुम्हीही करा. रोडचे कपडे वाऱ्यासाठी बेतलेले असतात. येऊरच्या चढावर तुम्ही धापा टाकत जेमतेम माणसाच्या धावण्याच्या वेगानं जाता, तिथे वारा कापून काय मिळणार? तिथे कापडाला गुडघा वाकू द्यायचा असतो, दगडाला घासून टिकायचं असतं आणि घाम बाहेर सोडायचा असतो.

आता नवीन काय घ्यायचं याच्या आधी घरात काय आहे ते बघा. जुना रोडचा बिब टाकू नका, तो सैल शॉर्टच्या आतून घाला. पण पॅड तपासा. लांब पल्ल्याच्या बिबचा पॅड जाड असतो, कारण रोडवर माणूस तासन्‌तास एका जागी बसून असतो. डोंगरात अर्धा वेळ पेडलवर उभं राहायचं, सीट खाली सोडायची, मागे सरकायचं. जाड पॅड तेव्हा मांड्यांच्या मध्ये डायपरसारखा गोळा होतो. म्हणून कपाटातला पातळ पॅडवाला बिब निवडा, किंवा बाजारात लायनर म्हणून जाळीदार आतली चड्डी मिळते ती घ्या. आणि बिबच्या आत दुसरी चड्डी नको, हे अजूनही सांगावं लागतं.

शॉर्टचं माप

सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

नेहमीचा टेलर तुम्हाला सरळ उभं करून माप घेतो. तसं घेतलेलं माप सायकलवर चुकतं. माझ्याकडे एक उंच स्टूल आहे, त्यावर मी गिऱ्हाइकाला आतला बिब आणि गुडघ्याचे पॅड घालून बसवते. पुढे वाकायला सांगते आणि एक पाय वर उचलायला सांगते. मग टेप लावते. घरी करायचं असेल तर खुर्चीच्या कडेवर बसा, एक पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवा आणि कोणाला तरी टेप धरायला सांगा.

पहिलं आसन, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या मधल्या शिवणीपर्यंतचं अंतर. मागचं आसन पुढच्यापेक्षा चांगलं चार बोटं उंच हवं. नाहीतर वाकल्यावर कंबरेमागे उघडं पडतं आणि पावसात मागच्या चाकाचा सगळा चिखल नेमका तिथे जाऊन बसतो. पुढचं आसन उलट कमी हवं, नाहीतर बेल्ट पोटात रुततो. रेडिमेड शॉर्टमध्ये हे बघायचं असेल तर बेल्टच्या पुढच्या आणि मागच्या मध्यावर धरून शॉर्ट हवेत उभी लटकवा. मागचा भाग पुढच्यापेक्षा स्पष्ट वर चढलेला दिसला पाहिजे. दोन्ही सारखे असतील तर ती फिरायला जायची बर्म्युडा आहे, लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

दुसरी कळी. साध्या पँटला दोन पायांच्या शिवणी आणि पुढच्या-मागच्या आसनाची शिवण, अशा चार शिवणी एका ठिकाणी येऊन मिळतात. ते ठिकाण बरोब्बर सीटवर येतं. तासाभरात त्या गाठीनं जीव नकोसा होतो. म्हणून तिथे शंकरपाळ्याच्या आकाराची कळी घालायची, जशी जुन्या झब्ब्याच्या काखेत घालत. शिवणी बाजूला सरकतात आणि पाय बाहेर फाकवायला जागाही मिळते. विकत घेताना शॉर्ट उलटी करून बघा. कळी नसेल तर ठेवून द्या. मात्र कळी घालताना आसन खाली लोंबवू नका. सैल म्हणजे ढगळ नव्हे. आसन खाली आलं की उतारावर मागे सरकून पुन्हा पुढे येताना ते सीटच्या टोकात अडकतं, आणि उतारावर सीटला बांधलं गेल्यासारखा माणूस सरळ हँडलवरून जातो. दुकानात शॉर्ट घालून बघताना खुर्चीच्या टोकावरून मागेपुढे सरका, लोक बघतील तर बघू देत.

तिसरं, लांबी आणि मोहरी. उभं राहिल्यावर शॉर्ट गुडघ्याच्या खाली गेली तरी चालेल, पण पेडल वर आल्यावर तिची कड आणि गुडघ्याच्या पॅडची वरची कड यांच्यात उघडी कातडी दिसता कामा नये. माझ्या बघण्यातल्या बहुतेक खरचटण्या त्याच बोटभर पट्टीवर झालेल्या असतात. मोहरीचा घेर पॅडवरून मोजा आणि त्यात दोन बोटं मोकळी ठेवा. त्याहून जास्त ठेवलं तर करवंदीच्या जाळीत अडकायला निमित्त मिळतं.

बेल्टला आत इलॅस्टिक मागच्या अर्ध्या भागातच घाला, पुढे सपाट पट्टी. खिसे मांडीच्या बाजूला, जरा मागे, झिपवाले. पुढच्या खिशात मोबाइल ठेवला तर प्रत्येक पेडलला तो मांडीवर आपटतो. झिप नायलॉन कॉइलची, धातूची नको. आपल्या हवेत धातूची गंजते आणि ऐन वेळी अडून बसते.

कापडाबद्दल. आपल्याकडे बाजारात ज्याला एनएस लायक्रा म्हणतात, म्हणजे नायलॉन आणि स्पॅन्डेक्स (इलॅस्टेनचंच दुसरं नाव), ते जिमच्या ट्रॅकपँटसाठी ढिगानं येतं. मंगलदास मार्केटमध्ये किंवा हिंदमाताला चौकशी केलीत तर मिळेल. विणलेलं कापड बऱ्याचदा किलोवर विकतात, तेव्हा मीटरचा हिशेब आधी विचारून घ्या. नायलॉन घासायला पॉलिएस्टरपेक्षा चिवट असतं, म्हणून थोडं महाग पडलं तरी नायलॉन. दुकानात कापड दोन्ही दिशांनी ताणून सोडा, लगेच जागेवर आलं पाहिजे. मग किल्लीच्या दातांनी कोपऱ्यावर दोनचारदा घासा. धागे वर आले तर पुढचा ठाण बघा. दुकानदार कुरकुरतो, पण घेणारा माणूस आहे एवढं त्याला कळतं.

शिवताना कापड विणलेलं असेल तर सुई बॉलपॉइंटच, म्हणजे गोल टोकाचीच लावा. साधी टोकदार सुई विणीतले धागे कापत जाते आणि दोन धुण्यांत शिवणीलगत भोकांची रांग दिसायला लागते. दोरा पॉलिएस्टरचा. कॉटनचा दोरा कापडाबरोबर ताणला जात नाही, तुटतो, आणि घामापावसात कुजतोसुद्धा. आतली शिवण ओव्हरलॉक करून वरून सपाट टीप मारा. तुमच्या टेलरला यातलं काही नवीन वाटलं तर वाद घालू नका, गुपचूप दुसऱ्याकडे जा.

वरचा कपडा

रोडची जर्सी पुढे आखूड आणि मागे लांब असते, कारण तिकडे माणूस हँडलवर ओणवा असतो. डोंगरात तुम्ही त्या मानानं ताठ बसता, मग तीच जर्सी पोटावरून वर सरकते. शिवाय कोपरं बाहेर काढून हँडल धरायचं असतं, त्यामुळे मुंढा (बाही जोडायची गोलाई) तोकडा असला की पाठीवर खांद्यांमध्ये ताण येतो. घालून बघताना दोन्ही हात समोर, कोपरं बाहेर, हँडल धरल्यासारखं करा. बाही काखेपाशी ओढली गेली तर एक साइज वर जाऊ नका, मुंढा मोठा असलेला दुसरा कट बघा.

मागचे तीन खिसे हे रोडवाल्यांचं फार लाडकं दुखणं. डोंगरात ते सोडा. त्यात पंप नाहीतर मल्टिटूल ठेवून पाठीवर पडलात तर ते सगळं मणक्याखाली येतं. सामान कंबरेच्या पिशवीत किंवा सायकलच्या फ्रेमला बांधा.

कापड मुंबईच्या हवेचा विचार करून. जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की घाम उडून जायला जागाच उरत नाही, म्हणून घाम शोषून बसणारं सुती टी-शर्ट अंगावर ओल्या फडक्यासारखं चिकटतं. पातळ जाळीचं, सैल पॉलिएस्टर किंवा नायलॉन घ्या. मेरिनो लोकरीचं मिश्रण वास धरत नाही हे खरं. थंडीत पहाटे तुंगारेश्वरला मला ते आवडतंही. पण किंमत बघता मुंबईच्या माणसानं त्याच्या नादी लागायची घाई करू नये, असं माझं मत. बाही कोपरापर्यंत असलेली बरी. पूर्ण बाही हवीच असेल तर ती पावसाळा संपल्यावर, आणि त्याचं कारण उन्हापेक्षा खाजकुइली.

पावसाळ्यानंतर वेलीवर त्या तपकिरी लवेच्या शेंगा लटकायला लागल्या की वाटेच्या कडेनं अंग चोरूनच जायचं. सैल, जाळीदार विणीत ती लव अशी घुसते की झटकून निघत नाही. चोळलंत तर आणखी आत जाते. घरी आल्यावर कपडे बाहेरच काढा, चिकटपट्टीनं दाबून दाबून लव उचला, मग एकटेच वेगळ्या बादलीत गार पाण्यात धुवा. घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलेत तर अख्खं घर तुमच्या नावानं खाजवेल. गुळगुळीत, घट्ट विणीच्या कापडावर ही लव कमी धरते. शॉर्टसाठी एनएस लायक्रा घ्यायचं हेही एक कारण.

गुडघे

इथे शिवणकाम चालत नाही, विकतच घ्या. पॅडवर ईएन 1621-1 असा शिक्का शोधा. ते मानक मुळात मोटरसायकलस्वारांच्या हातापायांच्या संरक्षणासाठी आहे, पण चांगले सायकलचे पॅडही त्यावर तपासलेले असतात. पहिली आणि दुसरी अशा दोन पातळ्या असतात, दुसरी जास्त धक्का पचवते. येऊरच्या वाटांना पहिली पुरे. घालून दहा वेळा उठाबशा काढा, पॅड पोटरीवर घसरला तर तो तुमचा नाही. चढताना पॅड घोट्यापर्यंत खाली ओढून ठेवले तरी चालतं, उताराआधी वर घ्या. हातमोजे पूर्ण बोटांचे.

पाऊस

पावसाळ्यात पहिला प्रश्न असतो, वॉटरप्रूफ जॅकेट कोणतं घेऊ. दहा हजार मिलिमीटर की वीस हजार, हे आकडे लोक माझ्यापुढे नाचवतात. तो आकडा कापड पाण्याचा किती दाब सोसतं याचा आहे. घाम किती बाहेर सोडतं याचा आकडा वेगळा असतो, आणि आपल्या दमट हवेत तो कागदावरच राहतो. मुंबईचा पाऊस कोमट. चढावर जॅकेट घातलं की पंधरा मिनिटांत आतून भिजता. मग बाहेरून भिजलेलं काय वाईट? लवकर वाळणारे कपडे घाला आणि खुशाल भिजा. पातळ विंडचीटर मात्र घडी करून जवळ ठेवा. लांब उतारावर ओल्या अंगाला वारा लागतो तेव्हा तो लागतोच. तुंगारेश्वरच्या रस्त्यात पावसाळ्यात ओढे आडवे येतात, बूट भिजणार हे धरून चाला. तळाला भोकं असलेले, पाणी निथळणारे बूट घ्या.

आणि कपडे कितीही डोंगराचे असले तरी येऊर आणि तुंगारेश्वर दोन्ही वनखात्याच्या हद्दीत येतात. मोकळ्या रस्त्यावरच चालवा, आत पायवाटेला वळायचं असेल तर आधी चौकीवर विचारा.

धुणं

चिखल ओला असताना घासू नका, तो धाग्यात शिरतो. वाळू द्या, ब्रशनं झटका, मग गार पाण्यात बुडवा. कपडा उलटा करून, वेलक्रो बंद करून. उघडा वेलक्रो बाकीच्या जर्सीचे धागे ओढून काढतो. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तो धाग्यावर थर धरतो आणि मग कापड घाम ओढून घेत नाही. ब्लीच आणि गरम पाणी इलॅस्टेनला मारतात. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. पावसाळ्यात गॅलरीत काही वाळत नाही, तेव्हा पॅडची बाजू वर करून पंख्याखाली टाका. पॅड आतून ओलसर राहिला आणि तसाच घातला की मांडीला बुरशी, मग त्वचेच्या डॉक्टरकडे फेऱ्या. बिब दोन ठेवा, आलटून पालटून घाला.

विंडचीटरवरून पाणी ओघळून जायचं थांबलं, कापड गडद पडायला लागलं, तर तो फेकायचा नाही. लेबलवर इस्त्रीची मनाई नसेल तर धुवून वाळवून, वर सुती कापड टाकून अगदी मंद इस्त्री फिरवा. वरचा लेप बऱ्याचदा पुन्हा जागा होतो. बिबवर मात्र इस्त्री कधीच नाही.

खरेदी कुठे, याला मी फार वेळ देत नाही. डेकॅथलॉनमध्ये रॉकरायडर नावाखाली माउंटन बाइकचे कपडे मिळतात. तिथे जाऊन मापं घालून बघा, खुर्चीच्या टोकावर बसून बघा, मग तिथेच घ्या किंवा मापं लिहून आणून कोणाकडून तरी शिवून घ्या. रोडवर ज्यांनी हजारो रुपये घातलेत त्यांना इथे निम्म्यात भागतं हे पटत नाही. पटवायला मी जातही नाही.

फाटल्यावर

शॉर्ट फाटली तर त्याच दिवशी बघा, भोक एका धुण्यात दुप्पट होतं. विणलेल्या कापडाला आधी आतून कडा एकमेकींना लावून बारीक, सैलसर टाके घाला. दोरा घट्ट ओढायचा नाही, कापड ताणून बघत बघत शिवायचं. मग ठिगळ. शिवताना उरलेलं कापड म्हणून तर जपून ठेवायचं. रेडिमेड असेल तर आतल्या दुमडीतून किंवा खिशाच्या अस्तरातून तुकडा काढता येतो, पाहणाऱ्याला कळतही नाही. ठिगळ भोकापेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठं कापा आणि कोपरे गोल करा. चौकोनी कोपरा सीटवर घासून पहिला उचकटतो. ठिगळाच्या कापडाचा ताण मूळ कापडाच्या ताणाच्याच दिशेनं यायला हवा, नाहीतर ते सुरकुततं. कडेनं झिगझॅग टीप, बॉलपॉइंट सुईनं.

चिकटवायचं ठिगळ असेल तर जागा आधी स्पिरिटनं पुसा, पूर्ण वाळू द्या, मधून कडेकडे दाबत जा म्हणजे हवा अडकत नाही. वर जाड पुस्तकं ठेवा. आणि एक अख्खा दिवस त्याला पाणी लागू देऊ नका.